रुमालाखालचा भाव

स्वस्त वस्तू दिसली की लोकांना आनंद होतो, मला शंका येते. हा स्वभाव मी माहेरून आणला. माहेर पावसचं, वडिलांची हापूसची बाग. हंगामात मुंबईचा दलाल यायचा, पडवीत वडिलांसमोर बसायचा, आणि वडील खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या उजव्या हातावर टाकायचे. दलालाचा हात त्या रुमालाखाली जायचा. मग दोघंही गप्प. बोटं धरून भाव चालायचा. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच, बोटाचं अर्धं पेर म्हणजे अर्धा. शेकडा की हजार, ते दोघांना ठाऊक असायचं. आम्हा पोरांना दिसायची ती फक्त हलणारी मनगटं. शेजारी बसलेल्या बाकीच्या बागायतदारांना आकडा कळू नये म्हणून हा सगळा खटाटोप. सौदा झाला की वडील रुमाल झटकून परत खांद्यावर टाकत आणि आईला चहा ठेवायला सांगत.

कधी कधी दलाल आल्या आल्या चारचौघांत मोठ्यांदा भाव सांगून मोकळा व्हायचा. तेव्हा वडील नुसते हसायचे. तो गेल्यावर म्हणायचे, "ओरडून सांगितलान तो भाव नाय. ता बोलावणा."

लग्न होऊन मी पोफळीला गेले. नवरा वीजगृहात ऑपरेटर, राहायला कॉलनीतलं क्वार्टर. शेजारच्या क्वार्टरमध्ये ह्यांचेच एक दोस्त, ह्यांच्याच पाळीतले. त्यांना मी भावजी म्हणते. त्यांची बायको माझी शेजारीण, आणि पुढे शेजारणीपेक्षा पुष्कळ जास्त. चिपळूणहून कॉलनीत भाजीचा टेम्पो यायचा. टेम्पोवाला पक्का होता. आमच्यातली एक जरी पटकन "हो" म्हणाली की दुसरीची घासाघीस तिथेच संपायची. म्हणून मी तिला वडिलांची बोटं शिकवली. दोघींनी चिकटून उभं राहायचं, तिच्या पदराखाली हात धरायचे आणि कितीपर्यंत जायचं ते बोटांनी ठरवायचं. त्यात आमची एक भर होती. तळव्याला नख टोचलं की अर्थ, "हा लबाड आहे, चल निघू." नवऱ्यांना सांगायचं नाही अशी देवीची शपथ घेतली होती, कारण वाचलेल्या पैशांचं काय होतं हे त्यांना कळायला नको होतं. मी शपथ पाळली. ती पाळत असेल याची मला कधीच खात्री नव्हती. ती हळवी बाई, नवऱ्याजवळ सगळं बोलणारी.

हे निवृत्त झाले आणि आम्ही रत्नागिरीला स्वतःच्या घरात आलो. भावजी आणि ती पण इथेच आली, एसटी स्टँडच्या पलीकडे. दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडली आणि मुंबईच्या रुग्णालयात गेली. तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मला जाता आलं नाही. परत आली ती गाडीतून, झाकलेली. ते दुःख मी अजून कुणाशी नीट बोललेले नाही, आणि इथेही जास्त लिहिणार नाही.

घरी वेगळंच चाललं होतं. आयुष्यभर काटे आणि दिवे बघत बसलेला माणूस एकाएकी मोकळा झाला होता. सुरुवातीला हे घरातल्या इन्व्हर्टरच्या दिव्यावर लक्ष ठेवून असत. पुढे तेही सुटलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून खाटेवर. जेवायला हाक मारली तर उठायचे, नाही मारली तर नाही. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. मला भीती वाटायची. काही न होता माणूस संपतो, हे मी माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

मिक्सरचं भांडं घ्यायला आम्ही बाजारात गेलो, तेव्हा दुकानात टीव्हीला एक खेळाचं यंत्र जोडून ठेवलेलं होतं. कन्सोल म्हणतात त्याला. पडद्यावर एक ट्रक घाट चढत होता. ह्यांनी सहज म्हणून ते हातातलं कंट्रोलर घेतलं. मी भांडं पारखून, भाव करून, पिशवीत घालून परत आले तरी हे तिथेच. दुकानदाराने ह्यांना स्टूल दिलेलं, आणि ट्रक रिव्हर्स घेताना ह्यांची जीभ दातांत आलेली. घरी येताना रिक्षात हे जेवढं बोलले, तेवढं महिनाभरात बोलले नव्हते. घराच्या पुढच्या बाजूला रस्त्यावर उघडणारा आमचा गाळा रिकामाच होता. तिथे असली यंत्रं मांडून तासावर खेळायला द्यायची, ही कल्पना ह्यांची. खरं कारण मी ओळखलं होतं, ह्यांना स्वतःला खेळायचं होतं. मी लगेच हो म्हटलं, आणि एवढ्या लवकर मी आयुष्यात कशालाच हो म्हटलेलं नाही.

खरेदीला मात्र मी बरोबर गेले. दुकानात दोन कंपन्यांची यंत्रं होती. एक थोराड आणि महाग. दुसरं आटोपशीर, आणि किंमत इतकी कमी की माझी आठी तिथेच पडली.

"काकू, हा घ्या," दुकानदार म्हणाला. "एकाच्या पैशात जवळजवळ दोन येतील."

"एवढ्या स्वस्तात का देतात?"

"कंपनीची स्कीम हाय."

"कंपनी तुमची मावशी लागते काय?"

तो हसला. "खरा सांगू? मशीनवर आमाला काय सुटत नाय. कंपनीलापण सुटत नाय म्हणतात, उलट पदरचे जातात. सगळी कमाई गेमवर."

मी ते धाकटं यंत्र उचलून सगळ्या बाजूंनी बघितलं. थोराडाला तबकडी घालायला फट होती, ह्याला नव्हती. विचारलं, गेम घालायचा कुठून? तो म्हणाला, घालायचाच नाही. सगळं नेटवरून उतरवायचं, महिन्याची वर्गणी भरली की हवे तेवढे गेम, आणि पहिला महिना जवळजवळ फुकट.

पहिला महिना फुकट म्हटल्यावर माझं काम झालं. फट असलेल्या यंत्राला जुनी तबकडी चालते. ती कुणाकडून निम्म्यात घ्यावी, खेळून झाल्यावर विकावी, बदलून आणावी. फट नसलेल्याला एकच दुकान, ते कंपनीचं, आणि ते तुमच्याच टीव्हीत. उद्या त्यांनी वर्गणी वाढवली की जाणार कुठे? म्हणजे यंत्राची किंमत हे नुसतं बोलावणं होतं. खरा भाव रुमालाखाली.

"मग ही दुसरी कंपनी किंमत उतरवत का नाही?" मी विचारलं.

"उतरवते की. दिवाळीला एकीने उतरवली की त्याच आठवड्यात दुसरी उतरवते. एकमेकींवर डोळा ठेवूनच असतात. चढाओढ हाय, काकू."

एकाच आठवड्यात दोघांचे भाव उतरतात हे मी आंब्याच्या दलालांतही पाहिलं होतं. वडील त्याला चढाओढ म्हणत नसत. ते म्हणत, जेवायला एकत्र बसले असतील. दुकानदाराला मी हे काही बोलले नाही. आम्ही महागातली दोन घेतली, फट असलेली, आणि ह्यांनी मुंबईला असलेल्या पुतण्याकडून जुन्या तबकड्यांची पिशवी मागवली.

गाळा चालला. बाहेर फळ्यावर भाव, तासाला ऐंशी रुपये. कॉलेजची मुलं येत, पाळी संपलेले एसटीचे ड्रायव्हर येत. दिवसभर खरी बस हाकून ते संध्याकाळी पुन्हा पडद्यावर ट्रक हाकायला बसत, ह्याचं मला नवल वाटायचं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बोटींवरचे खलाशी फुटबॉल खेळायला येत, आणि गोल झाला की शेजारच्या दवाखान्यातून निरोप यायचा. हे सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाळ्यात जाऊन बसत, ड्यूटीवर गेल्यासारखे. मला एवढंच हवं होतं.

आणि भावजी यायचे. रोज संध्याकाळी. खेळायचे नाहीत, नुसते बसायचे. एकटा माणूस, म्हणून मी चहा द्यायचे. पण ते विचारायचे फार. वीज किती जाते, कोणतं यंत्र बरं, गिऱ्हाईक कधी जास्त, तबकड्या कुठून आणता. आमचे हे सगळं सांगायचे, वर कागदावर आकृती काढून दाखवायचे. मी आतून हाक मारून बोलावून घ्यायचे, तर म्हणायचे, "अगो, तो आपला माणूस."

चार-सहा महिन्यांत त्या आपल्या माणसाने स्टँडजवळ गाळा भाड्याने घेतला, तीच ती स्वस्त, बिनफटीची यंत्रं मांडली आणि बाहेर फळा लावला: तासाला पन्नास.

मी काही ओरडले नाही. मी हिशेब मांडला. भाडं, वीज, महिन्याची वर्गणी. पन्नासात हे बसत नव्हतं, कसंही करून बसत नव्हतं. आमचा गाळा घरचा, तबकड्या जुन्या, तरी ऐंशीत जेमतेम बरं चालत होतं. मग हा माणूस पन्नासात कोणाच्या जिवावर करतो? दुकानदार मागे असेल? की हे कंपन्यांचंच धोरण, आधी तोट्यात द्यायचं, समोरचा बसला की मग वाढवायचं? भावजी पुस्तकं वाचणारा माणूस. हे त्यांना सुचणं अवघड नव्हतं. कॉलनीत पत्ते खेळतानाही ते हातातलं पान शेवटपर्यंत दाखवत नसत.

आमची गिऱ्हाइकं गळायला लागली. आधी कॉलेजची मुलं, मग ड्रायव्हर. स्टँडजवळच असल्यावर ड्रायव्हर कशाला चालत येतील. दरम्यान त्यांच्या यंत्राची वर्गणी वाढल्याचं दुकानदाराने मला सांगितलं. मी मनात म्हटलं, झालं, आता फळा बदलेल. मुद्दाम रिक्षा त्या रस्त्याने घेतली. फळ्यावर पन्नासच. मला तेव्हा रागापेक्षा धास्ती जास्त वाटली. तोटा वाढला तरी जो भाव वाढवत नाही, त्याच्या मनात काहीतरी पक्कं असतं.

हे भावजींबद्दल एक शब्द ऐकून घेत नसत. "चालवू दे त्याला," एवढंच. पण इस्त्रीचा शर्ट गेला, घरातला बनियन आला. मग एक दिवस दुपारी दोन्ही यंत्रं स्वतःच बंद करून हे आत आले आणि खाटेवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून.

"आपण तीस करू," मी त्या पाठीला सांगितलं. "गाळा आपला आहे, तुमचं पेन्शन आहे. ते भाड्याचे. तोटा सोसायचाच, तर आपण त्यांच्यापेक्षा जास्त दिवस सोसू. सहा महिन्यांत फळा उतरवतील."

"तो माझा दोस्त आहे."

"दोस्त आहेत म्हणून तर आपली सगळी मापं त्यांना ठाऊक."

मी ठरवलं, तीसचा फळा मीच लावणार. पण वडिलांची शिकवण होती, माल न बघता आकडा टाकायचा नाही. म्हणून आधी त्यांचा गाळा बघायला गेले.

दुपारची वेळ होती. जेवणानंतर आमचा बाजार शटर ओढून झोपतो. भावजींचं शटर उघडं. मी दारातच थांबले. आत एक खलाशी, दोन ड्रायव्हर आणि एक म्हातारे गृहस्थ, ज्यांच्या हातात कंट्रोलर नव्हतंच. भावजी मागच्या बाजूला शेगडीवर पेज ढवळत होते. भिंतीवरचं घड्याळ बंद. मी खलाशाला विचारलं, किती वेळ झाला बसून?

"सकाळधरनं हाव."

"पैसे किती दिलेत?"

"पन्नास." त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी तपासणीला आले आहे. आलेच होते.

"वहिनी, बरा झाला आलात," भावजी पळीसकट बाहेर आले. "पेज घ्या गरम."

मी बसले. पेजेबरोबर त्यांनी सुकटाची चटणी दिली. चटणीची चव मी ओळखली, भाजलेल्या सुकटात लसूण जरा जास्त, तिची पद्धत. मागे पडद्याआड एक पलंग दिसत होता, त्यावर चादर, दोरीवर लुंगी. म्हणजे राहायलाही इथेच. मी अजून सावध होते. घर भाड्याने दिलं असेल, त्यातून हा तोटा भरून काढत असतील, असंही मनात येऊन गेलं.

"घर?" मी विचारलं.

"हाय की. बंद." ते पळीकडे बघत म्हणाले. "घरी जेवायला बसलो की घास फिरतो, वहिनी. हितं चार माणसा असतात. तुमच्याकडं यायचो त्याच्यासाठीच. पण तुमी आतून हाक मारायचात, मग म्हटला रोज रोज जाणा बरा नाय."

मी पेजेचा घोट घेतला. यंत्रावर तोटा, कमाई गेमवर. पन्नासावर तोटा, आणि कमाई ही समोर बसलेली चार माणसं. मी महिनोन्‌महिने हिशेब मांडत होते आणि ही बाजू मला दिसलीच नव्हती. दिसल्यावरही एक मन म्हणत होतं, बाई, सावध राहा, गोड बोलणारा दलाल सगळ्यात महाग पडतो.

"पन्नासात भागत नाही, भावजी," मी सरळ म्हटलं. "तुमचंही नाही, आमचंही नाही. आमचे हे पुन्हा खाटेवर पडलेत. मला ते चालणार नाही. भाव वाढवा."

त्यांनी ड्रायव्हरांकडे नजर टाकली. "गिऱ्हाईक बसलाय. उघड नको." आणि खांद्यावरचा पंचा काढून स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि तो हात माझ्यापुढे धरला.

पंच्याखाली परक्या पुरुषाचा हात धरायचा, भर दुपारी, उघड्या शटरमध्ये. पण ते नव्हतं बोचत. बोचत होतं ते हे, की ही गोष्ट त्यांना फक्त एकाच माणसाने सांगितलेली असू शकत होती. देवीची शपथ घेऊन शेवटी सांगितलंनच. मला तिचा राग आला, दोन वर्षांनी, मेलेल्या बाईचा.

मी हात घातला. एका बोटाला दहा धरून मी पंजा दाबला, मग तीन बोटं. ऐंशी. त्यांनी पंजा आणि एक. मी पंजा आणि दोन. त्यांनी मग पंजा, एक बोट, आणि दुसऱ्या बोटाचं अर्धं पेर. पासष्ट. अर्ध्याची खूण वडिलांची, अगदी तशीच. मी ते पेर दाबून धरलं, म्हणजे ठरलं.

"सगळं शिकवलंन की तुम्हाला," मी म्हटलं. माझा आवाज कडवट असणार. "शपथ होती आमची."

"बोलली नाय ती काय," भावजी हळू म्हणाले. "शेवटी तिला बोलताच येत न्हवता ना. तोंडात नळी. डॉक्टर म्हणायचे, किती दुखतंय विचारा, दहापैकी किती. मी विचारायचो, ती माझा हात चादरीखाली ओढायची नि बोटा दाबायची. एक, दोन. आधी मला कळलाच नाय, मग समजला की हा आकडा हाय. अर्धापण दाबायची. एवढा हिशेबी हात कुठं शिकली, तेव्हा विचारायला जमला नाय. तुमचा माहेर बागायतदाराचा, म्हणून आज पंचा टाकून बघितला, आता कळला."

गाळ्यात कुणीतरी गोल केला. माझा हात अजून पंच्याखाली होता, काढायचं लक्षात आलं नाही. मी विचारलं, शेवटी किती होतं?

पंच्याखाली त्यांनी माझा अख्खा पंजा धरला. सोडला. पुन्हा अख्खा पंजा धरला.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिथे नव्हते, पण तिच्या हातात माझी बोटं होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग कोणता खेळ कुणाकडे तेही आम्ही ठरवलं. निघताना भावजींना एवढंच म्हटलं, की संध्याकाळी चहाला यायचं, आणि मी आतून हाक मारणार नाही.

घरी आले तर हे तसेच, भिंतीकडे तोंड. म्हटलं, उठा, फळा पुसायचाय. दोन्हीकडे पासष्ट. फुटबॉल आपल्याकडे, बाकीचं त्यांच्याकडे. हे वळले. "त्याने ऐकलं कसं?" म्हणत उठून बसले, आणि खाटेखाली खडू शोधायला वाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा स्टँडवरून घेतली आणि त्यांचा फळा बघून आले. स्वभाव जात नाही. पासष्टच लिहिलं होतं.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी फळा लिहून, हात धुऊन हे माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसले, तेव्हा मी शपथ मोडली. ह्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि त्यावर पदर टाकला.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"बोटं मोजायला शिका," मी म्हटलं. "आपल्यालाही लागेल कधीतरी."